भरधाव मोटारीचा खटला

१९३८ साली भोरच्या कचेरीत गेनबावर भाड्याची मोटार भरधाव हाकल्याचा खटला चालला. दोषी ठरला असता तर परवाना जाणार होता. माणूस कशाने मेला याविषयी उदासीन असणारा कायदा त्याला घरी नेण्याच्या वेगाविषयी मात्र कमालीचा जागरूक असतो.

गेनबाचा बचाव साधा होता. "सायब, बायको हितल्या भोरच्या दवाखान्यात सकाळीच वारली. डाक्तरांचा दाखला हाय. तिला मागच्या बैठकीवर निजवून आंबवड्याला नेत व्हतो. आता घाई कशाची करू?"

दाखल्यावर मृत्यूची वेळ आठ होती. शिपाई रखमाजीने मोटार पाहिली ती दहाला.

"भरधावच व्हती," रखमाजी म्हणाला. "मागं बाई बसल्या व्हत्या. ह्यांच्या खांद्यावर सारखा हात मारत व्हत्या, आन् माघारी भोराकडं बोट दावत व्हत्या."

मेलेली स्त्री बसत नाही, एवढे कायद्याला ठाऊक असते. न्यायाधीशांनी साक्ष अविश्वसनीय ठरवली आणि आरोपीची सुटका लिहायला घेतली.

गेनबा पिंजऱ्यातून हलला नाही.

"रखमाजीबुवा, कोणत्या खांद्यावर?"

"डाव्या."

न्यायाधीशांची लेखणी थांबली. "तुम्ही एकदाही मागे पाहिले नाही?"

"मयत नेताना मागं बघू नये म्हणत्यात, सायब." गेनबाचा आवाज खाली गेला. "रस्ता खराब. मला वाटलं, दणक्यानं तिचा हात पडतोय. म्हणून दर वेळी म्या मोटार आणखी हळू केली."