निळा चमचा

"काका, निळा आहे?" तिने विचारलं, आणि विचारताना दाराकडे पाहिलं.

दुकानदाराने डोळ्यांनीच मागे खूण केली. बाळदुधाचे निळे डबे फळीवर भिंतीकडे तोंड करून उभे होते, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. त्या कंपनीचा मालक टीव्हीवर पलीकडच्या पक्षाच्या बाजूने बोलला, त्या दिवसापासून. पिवळ्या डब्यांचा मालक 'आपला' निघाला, म्हणून ते ऐटीत पुढे. पण तिच्या चार महिन्यांच्या लेकीला हे कोण समजावणार? तीन दिवस पोर पिवळं पीत होती आणि ओकत होती. डॉक्टरीणबाईंनी आज चिठ्ठीवर निळाच लिहून दिला होता.

"बाहेर बाकावर पक्षाचे ते तिघं बसलेत. पिशव्या बघतायत," काका कुजबुजले.

"माहितीये. परवा शिंपीणबाईंच्या पिशवीत त्याच कंपनीचा साबण सापडला. मोबाइलवर फोटो फिरला, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या दुकानाची काच फुटली."

काकांनी काउंटरखाली बसून निळा डबा फोडला, पावडर एका रिकाम्या पिवळ्या डब्यात ओतली. सवयीने आतला चमचाही त्यातच टाकला आणि झाकण गच्च बसवलं.

ती बाहेर पडली. चोरी केली नव्हती, तरी पाय चोरासारखे पडत होते.

"वहिनी, पिशवी." तिघांतला लंबू उठून पुढे आला. बाकीचे दोघं मोबाइल सरसावून बसले.

त्याने डबा उंच धरला. "वा, आपलाच!" परत देता देता थांबला. "पण सील कुठंय?"

"काकांनी... उघडून दाखवला. किडे होतात म्हणे," तोंडाला आलं ते ती बोलली.

लंबूने बाकाकडे पाठ करून झाकण काढलं. पांढऱ्या पावडरीत निळा चमचा उभा होता. पिवळ्या डब्यात चमचाही पिवळाच असतो, हे घरात तान्हं असलेल्या कुणालाही ठाऊक.

संपलं, असं तिला वाटलं. डोळ्यांपुढे घराची खिडकी आली, पाळण्यालगतची, काचेची. तिला रडू येईना की पळवेना.

लंबूने हळूच मागे पाहिलं. मग बोटाने चमचा पावडरीत पार तळाशी दाबला, झाकण लावलं आणि डबा तिच्या पिशवीत ठेवला.

"डब्यावर चमच्याला तीस मिली पाणी लिहिलंय, ते वाचू नका," तो ओठ न हलवता म्हणाला. "या चमच्याला साठ लागतं. आमच्याही बाळाला हेच देतो, पहिल्या दिवशी चुकलं होतं."

आणि मागे वळून त्याने आवाज चढवला, "ठीक आहे रे! पुढची पिशवी!"