जरा लांब कप्पा

हॉस्पिटलच्या शवागारासाठी नवा फ्रीज घ्यायला साहेब आणि शवागार सांभाळणारे काका शोरूममध्ये आले होते. विक्रेता वीजबचत, वॉरंटी असं धडाधड सांगत सुटला होता, पण काकांचं आपलं एकच टुमणं, "कप्पा लांब हवा."

"अहो काका, पुरतो की!" म्हणत तो गडी बुटांसकट ट्रेवर आडवा झाला. "लांब घेतलात तर एक कप्पा कमी बसेल. आणि तिथे काय उंट ठेवायचेत?"

साहेब खदाखदा हसले. काकाही हसले. मग हळूच म्हणाले,


"आमचा लेक ताडमाड उंच होता, साहेब. जुन्या फ्रीजचं दार लागेना, म्हणून त्याचे गुडघे मीच दुमडले. लहानपणापासून पाय पसरून झोपायची सवय होती हो त्याला."