दोन किलोंचं ओझं

"अजून आवळणार?" थोरल्याने विचारलं.

"अजून थोडं, काका," फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. मांडीवरच्या रुंद पट्ट्यात हवा भरत गेली. रक्तदाब मोजताना दंडाला बांधतात तसाच पट्टा, फक्त मांडीच्या मापाचा. मॅडमनी पावलाचा रंग बघितला, बोटं दाबून बघितली आणि मान हलवली. "चला, सुरू करा."

थोरला खाटेच्या कडेला पाय लोंबकळत सोडून बसला होता. घोट्याला वाळूची पिशवी बांधलेली. दोन किलोंची. ज्या माणसाने उभी हयात लोकांची कपाटं, फ्रिज, शिलाई मशिनं जिन्यांवरून चढवली, त्याला आता दोन किलो उचलायचे होते. आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागत होती. शिवाय पाय मोडल्यापासून तो जगाचा काका झाला होता.

"मॅडम, जरा मोठं वजन द्या हो. ही काय भाजीची पिशवी आहे? ह्याने काय होणार?"

"हाड आत्ता कुठे जुळलंय. मोठं वजन त्याला झेपायचं नाही. म्हणून तर पट्टा. पायातलं रक्त परत फिरताना अडतं, मांडी लवकर थकते, आणि हलकं वजनही तिला भारी पडतं. ताकद त्यातूनच येते. सावकाश वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा. आपटायचा नाही."

हे सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं. मांडी मात्र वाळक्या फांदीसारखीच होती. मॅडम दर आठवड्याला टेपने ती मोजायच्या आणि "येतंय, येतंय" म्हणायच्या. त्याला काही येताना दिसत नव्हतं. येत होता तो फक्त राग. आणि तो कुणावर काढायचा हे ठरलेलं होतं.

दाराजवळच्या बाकावर त्याचा धाकटा भाऊ बसला होता. सामान हलवायच्या धंद्यात जोडीदारही तोच. थोरल्याला टेम्पोत बसवून इथे आणायचा, संपेपर्यंत थांबायचा, परत न्यायचा. दोघांत बोलणं म्हणजे "चल", "उतर" आणि "झालं?"

पाय मोडला त्या दिवशी लोखंडी कपाट जिन्याने चढत होतं. थोरला नेहमीप्रमाणे खालच्या बाजूला, धाकटा वर, उलट्या पावलांनी चढणारा. वळणावर कपाट कलंडलं, घसरत खाली आलं, आणि थोरल्याचा गुडघा कपाट आणि भिंतीच्या मध्ये सापडला. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते हेच: "ह्याने सोडलं." बायकोला तेच सांगितलं, डॉक्टरांना तेच, भेटायला येईल त्याला तेच. धाकटा एकदाच म्हणाला होता, "दादा, मी..." थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. कितीतरी दिवस त्याने भावाकडे धड बघितलंसुद्धा नाही. धाकटा तेव्हा गप्प बसला तो बसलाच, आणि थोरल्याने त्याचाही अर्थ लावून टाकला. चोराच्या मनात चांदणं!

पहिली फेरी कशीबशी पार पडली. दुसऱ्या फेरीत मांडीत निखारे फुलले. पाय लटलट कापायला लागला. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला, आणि तोही त्याला पुसता येईना.

"तमाशा बघायला बसलायस का?" तो धाकट्यावर खेकसला. "बाहेर जाऊन बस की!"

धाकट्याने मान खाली घातली, पण तो उठला नाही.

"काका, इकडे लक्ष द्या. शेवटचाच. वर न्या आणि धरून ठेवा. धरा... धरा..."

थोरल्याने दातावर दात दाबले. दोन्ही हातांनी खाटेची कड आवळली. पाय वर होता, सरळ होता. दोन किलो धरता येत नसतील तर आपण माणूस कसले? आज काही झालं तरी धरायचंच. आणि असं म्हणेपर्यंत पाय त्याला न विचारताच खाली आला. टाच खाटेच्या लोखंडी पायावर खाडकन आदळली.

"अहो, सोडलात का?" मॅडम पुढे धावल्या. "आपटायचा नाही म्हटलं होतं ना!"

"मी सोडला नाही हो!" थोरला कळवळून ओरडला. "जीव खाऊन धरला होता मी. सुटला तो!"

बोलून झालं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मॅडमनी पट्ट्यातली हवा काढली, टाच दाबून बघितली. "मुका मार आहे. घाबरू नका. मांडीतला जोर संपला की असं होतं, तुमचा दोष नाही त्यात," त्या म्हणाल्या आणि बर्फ आणायला आत गेल्या.

पायात झिणझिण्या येत होत्या. धाकटा कधी जवळ आला होता कळलंही नाही. तो खाली बसून घोट्यावरची पिशवी काढत होता. थोरला त्याच्या डोक्याकडे बघत राहिला.

"तेव्हा... तुला काही लागलं होतं का रे?"

धाकट्याने वर बघितलं नाही.

"हाताची दोन नखं मुळापासून गेली होती, दादा," तो म्हणाला. "आता आलीत परत."