मत्स्यालयातील मृत्यूची चौकशी

महाविद्यालयाच्या मत्स्यालयातला मोठा मासा ओढ्यातल्या रोगट माशांचे खाद्य दिल्यामुळे मेला आणि ते पकडून आणणारे शिपाईमामाच त्यास निःसंशय जबाबदार आहेत, असे चौकशी समितीने ठरवले. निःसंशय हा शब्द जोडपत्र न वाचताही लिहिता येतो. शवविच्छेदनाच्या त्या जोडपत्रात रोगाचा मागमूस नव्हता; मासा भुकेने मेला होता, तीन आठवडे त्याच्या पोटात कणभरही अन्न गेले नव्हते. ते पान मी समितीला मोठ्याने वाचून दाखवले आणि मामांची नोकरी वाचवल्याच्या समाधानात खाली बसलो.

"मग मामा, रोज ओढ्यावरून डबाभर जिवंत मासे आणत होतात, ते गेले कुठे?" अध्यक्षांनी विचारले. "तुम्हीच तळून खाल्लेत की काय?"

सगळे हसले. मामा उठून उभे राहिले. त्यांचा जबाब इतिवृत्तात शब्दशः असा आहे :

 

"उपाशी मीच मारला, साहेब. छोटे सगळे माझ्या घरी पिंपात आहेत. आमची ही गेल्यापासून खोलीत माझ्याशिवाय दुसरं काही हलतच नव्हतं."