काकवीचं रक्त

टीव्हीवर काळे हातमोजे घातलेले दोन हात सविताचा गळा दाबत होते. हौसराव स्टुलावर बसून बघत होता. हात त्याचेच होते.

शिरूरच्या एसटी स्टँडमागे अनिसचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आत दोन व्हीसीआर, एक व्हिडिओ मिक्सर आणि चौदा इंची टीव्ही. सकाळचे साडेदहा झाले होते. साडेअकराला लाईट जाणार होती. त्याआधी शेवटचा खून जोडून व्हायला हवा होता, कारण दुपारच्या एसटीनं कॅसेट दौंडला राहिलभाईच्या व्हिडिओ हॉलवर पोचवायची होती.

अनिसला इटलीच्या भीतीच्या पिक्चरचं वेड. पुण्याहून भाड्यानं कॅसेटी आणून तो बघायचा. भाषा कळायची नाही. पण त्यात खुन्याचं तोंड दिसत नसे, फक्त काळे हातमोजे. भिंतींवर लाल आणि निळा उजेड असे. रक्त खऱ्यापेक्षा जास्त लाल असे. तसाच पिक्चर त्यानं वडगाव रासाईला हौसरावच्या घरात केला. हॅलोजनला जिलेटिनचा रंगीत कागद लावला. रक्तासाठी हौसरावच्या गुऱ्हाळातली काकवी आणली आणि तिच्यात खायचा लाल रंग मिसळला. शेवटच्या खुनाची बाई पुण्याहून आलीच नाही, तेव्हा हौसरावची बायको सविता तयार झाली. पण तिची एक अट होती.

"परक्याचा हात मी गळ्याला लावून घ्यायची न्हाई. मारायचं तर ह्यांनीच मारावं."

सगळे हसले होते. ती दिवाळी होती. फेब्रुवारीत तापाचं निमित्त होऊन सविता गेली.

पिक्चर दाखवू का नको, असं विचारायला अनिसनं निरोप धाडला होता. हौसराव 'दाखव' म्हणाला आणि आज स्वतःच येऊन बसला.

"आप्पा, तुम्ही भाईर चहा घ्या," अनिस म्हणाला. "एवढं मी उरकतो."

"चालू ठेव."

टीव्हीवर सुरा तीनदा वर गेला, तीनदा खाली आला. पदराखाली बांधलेली पिशवी फुटली आणि काकवी शहाबादी फरशीवर पसरली. हातमोजे बाहेर गेले. सविता डोळे उघडे ठेवून पडली होती. कॅमेरा तिच्यावरच थांबला होता. काकवी तिच्या पायांपर्यंत ओघळली.

मग तिचा अंगठा हलला. ओठ न हलवता ती म्हणाली, "अवो, मुंगी."

काळा हातमोजा परत आला. त्यानं तिच्या पायावरची मुंगी झटकली.

अनिसनं कॅसेट थांबवली.

"हितनं कापतो. आवाजाचं काय न्हाई, वर म्युझिक टाकणार हाय. पण हात दिसतोय."

"दिसू दे की."

"आप्पा, तीन खून करून आलेला माणूस हाय त्यो. त्यो मुंगी झटकतोय? दौंडची पब्लिक शिट्ट्या मारंल. राहिलभाई म्हणंल, भीतीचा पिक्चर सांगून तमाशा आणला व्हय रं?"

हौसरावनं नकारार्थी मान हलवली.

"असं करा," अनिस म्हणाला, "ही मूळ कॅसेट तुम्ही घरी न्या. तुमच्यापाशी ऱ्हाईल."

"घरी नेऊन काय करू? पिक्चरात ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी मारून तसाच निघून गेलो असं दिसंल."

"तुम्ही कुठं? नुसतं हातमोजं दिसत्यात. कुणाला कळतंय?"

"मला."

अनिसनं घड्याळाकडं पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"माझं ऐका, आप्पा. मेलेल्या बाईच्या पायावरची मुंगी कोण झटकत बसतं?"

हौसराव थांबलेल्या चित्राकडं बघत होता.

"झटकत्यात," तो म्हणाला. "तिच्या भावाची गाडी दौंडला अडकली व्हती. सकाळी धापासनं चारपतूर मी तेच करत व्हतो. भोवतीनं राख पसरली, तरी येत व्हत्या."

अनिसचं बोट बटणावरच राहिलं. बाहेर कंडक्टर निमोणे, निमोणे म्हणून ओरडत होता. गाडी निघून गेली.

मग अनिसनं कॅसेट थोडी मागं घेतली आणि दुसऱ्या व्हीसीआरचं रेकॉर्डचं बटण दाबलं.

सविता फरशीवर पडली होती. अंगठा हलला. हातमोजा आला, त्यानं मुंगी झटकली. तो लगेच गेला नाही. साडीचा काठ वर सरकला होता, तो त्यानं खाली ओढून तिच्या घोट्यावर नीट केला आणि क्षणभर तिथंच राहिला. सविताचं पोट हळूहळू वरखाली होत होतं.

ते अनिसलाही दिसलं. त्यानं बटणाला हात लावला नाही.