यादीबाहेरची इच्छा

बाबांच्या दहाव्याला पिंडासमोर आम्ही तासभर हात जोडून उभे होतो. कावळा समोरच्या कडुलिंबावर बसला होता, पण खाली उतरत नव्हता. शब्द-खात्याचा साहेब छापील यादी घेऊन माझ्या शेजारीच उभा होता. मेलेल्या माणसाला शब्द द्यायचा तोही आता त्या यादीतलाच.

"आईला नीट सांभाळू," मी म्हणाले. कावळा हलला नाही. "धाकटीचं लग्न करून देऊ." नाहीच. यादीतली अकराही वचनं देऊन झाली.

बाबांना काय हवंय ते घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांची चाळीस वर्षांच्या कवितांची वही खात्याने उचलून नेली होती. ती परत आणा, एवढंच ते शेवटपर्यंत म्हणत होते.

आईने माझा दंड धरला. "बोल ना गं एकदा. हळूच बोल."

मी तोंड उघडलं. साहेबाने पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या मालूताई मागच्या महिन्यात असंच यादीबाहेरचं बोलल्या, त्या अजून घरी आलेल्या नाहीत. मी तोंड मिटलं.

"गुरुजी, उरका आता," साहेब म्हणाला.

गुरुजींनी मान खाली घालून दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. साहेबाने अर्जावर बाबांच्या नंबरापुढे लिहिलं, 'इच्छा पूर्ण.' त्याखाली मी सही केली.

खरा कावळा अजून कडुलिंबावरच होता. माझ्याकडे बघत.