इंजेक्शन चालेल का?

थोरल्या लेकाला कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं वळणच नव्हतं, आणि म्हातारीचा त्याच्यावर राग होता तो एवढ्यासाठीच. सुनेला, म्हणजे त्याच्या बायकोला, मागे एका इंजेक्शननं घसा सुजून श्वास कोंडला होता, म्हणून या खेपेला आधी तिच्या रक्तातल्या पेशींवर तेच औषध घालून त्या खवळतात का ते बघायचं ठरलं. प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "पेशी गप्पच आहेत, पण..." एवढं कानावर पडताच "चला, सुटलो!" म्हणत त्यानं फोन ठेवला. डॉक्टरांना सांगितलं, "काही निघालं नाही, द्या बिनधास्त." त्यांनीही तपासणीच्या कागदाची वाट पाहिली नाही.

सुई बाहेर येते न येते तोच सुनेचे ओठ निळे पडले.

प्रयोगशाळेतल्या बाई सांत्वनाला आल्या त्या रडतच. "काहींच्या पेशी कशालाच उत्तर देत नाहीत हो. त्यातून औषध चालतं की नाही, काहीच कळत नाही. तेच सांगत होते."

"मला काय माहीत?" थोरला पुटपुटला.

म्हातारीनं डोळ्यांवरचा पदर काढला.

"मेल्या, जन्मभर ती गप्प बसली की तू होकार धरलास. तिच्या रक्तालाही तोच न्याय लावलास!"